ताईचं मृत्युपत्र : ड्राफ्ट क्रमांक नऊ

३ मार्च, सकाळी ९
ताईने बोलावून घेतलं. मृत्युपत्र करायचंय म्हणाली. राहतं घर शिलाईवालीला. ही बाई एकोणीस वर्षं ताईच्या मागच्या खोलीत राहते, कपडे शिवते. दोन वर्षांपासून ताई अंथरुणाला खिळली, तेव्हापासून तिचं सगळं हीच करते. ताईने लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. मृत्युपत्र नसेल तर घर आम्हा दोघा भावांचं, दादाचं आणि माझं. मला त्यातलं काही नको. मुद्दाम लिहून ठेवतो.
काम माझ्यावर सोपवलं. बरोबरच आहे. बत्तीस वर्षं ऑफिसात मसुदे लिहिले. आठवड्यात हातावेगळं करतो.

११ मार्च
वकील म्हणाला, साधा कागद चालतो. चार ओळी, ताईची सही, समोर दोन साक्षीदार. झालं. माणसाला भाषेची चाड म्हणून नाही!
पहिला ड्राफ्ट तयार. सात पानं.

१९ मार्च
ताईला वाचून दाखवला. तिसऱ्या पानावर तिला झोप लागली. जाग आल्यावर म्हणाली, अरे, पेन दे ना, सही करते. शिलाईवाली शेजारच्या दोघांना बोलवायला निघालीसुद्धा. मी थांबवलं. एकाच परिच्छेदात 'सदरहू' दोनदा. असल्या कागदावर माझ्या बहिणीची सही? छे.

२ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, काय करायचं ते लवकर करा. डॉक्टरांना घाबरवायची सवयच असते.
ग्लास धरताना ताईचा हात थरथरला. पाणी उशीवर. मी खिडकीबाहेर बघितलं, तिला ओशाळं वाटू नये म्हणून.
संकल्प : रविवारी सही. म्हणजे रविवारीच.

६ एप्रिल, रविवार
साक्षीदार आले, तासभर बसले, गेले. मी ड्राफ्ट घरी विसरलो होतो. बायकोने विचारलं, विसरलात की ठेवलात? तिला कायद्यातलं काही कळत नाही.

१४ एप्रिल
दादाचा फोन. वर्षातला पहिला. ताईची तब्येत विचारली, मग गच्चीचं माप. मृत्युपत्राचं काय? म्हटलं, चालू आहे. तो म्हणाला, घाई करू नकोस, तुझं काम नेहमी पक्कं असतं.
दादाने जन्मात पहिल्यांदा कौतुक केलं. दिवसभर बरं वाटत होतं.

२१ एप्रिल, सकाळी
ताईची वाचा गेली. नुसती माझ्या पिशवीकडे बघते. पिशवीत ड्राफ्ट क्रमांक नऊ. निर्दोष. काढणार होतो. पण तिची नजर काही हलेना, आणि माझा हात काही पिशवीत जाईना. तिने डोळे मिटले तसा उठलो.
शिलाईवाली दारापर्यंत आली. हळूच विचारलं, भाऊ, अंगठा चालतो का? म्हटलं, विचारून सांगतो. चालतो, मला माहीत आहे. पण जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईने अंगठा उठवायचा? तिच्या मानाचा प्रश्न आहे.

२४ एप्रिल, दुपारी २
ताई गेली. सव्वाअकराला. शिलाईवाली तिचे केस विंचरत होती. मी झेरॉक्सच्या दुकानात होतो. तीन प्रती.

९ मे
वकील म्हणाला, विनासहीचं मृत्युपत्र म्हणजे रद्दी. मग माझ्याकडे बघत म्हणाला, तुमचा अर्धा हिस्सा तुम्ही त्या बाईंना देऊ शकता. बक्षीसपत्र करा.
करणारच! त्यात विचारायचं काय? उद्यापासून ड्राफ्टला बसतो.

१७ मे
दोन दिवस डोकं जड. बक्षीसपत्र तूर्त बाजूला. असलं काम गडबडीत करू नये.

३० मे
दादाने गिऱ्हाईक आणलं. कागद तयारच होते. दादा म्हणाला, तुला एकदा वाचायचे असतील. म्हटलं, ठीकच असतील. सोळा ठिकाणी सह्या. चार मिनिटं लागली.
बाहेर शिलाईवालीचं मशीन हातगाडीवर चढत होतं. मी दुसऱ्या दाराने निघालो, तर तिथेच समोर उभी. म्हणाली, भाऊ, माझा तुमच्यावर राग नाही. ताईंना माहीत होतं. म्हणायच्या, त्याच्याच्याने हे व्हायचं नाही, पण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर त्याला लागेल.
संध्याकाळपासून तिचं हे वाक्य लिहून समोर ठेवलंय. चूक शोधतोय. सापडत नाही.