वीस-चौदा

केलर व्हॅली, १६ नोव्हेंबर

चि. एमेट यास,

ताईचे आशीर्वाद. तेवढे हक्काचे म्हणून देते, बाकी देण्याजोगं मनात काही नाही.

फोन मीच आपटला, आणि पुन्हा केलास तर पुन्हा आपटीन. तुझं मत तुझ्याच पेपरात छापून आलंय. कॉलेज-संघांचे नंबर ठरवायला दर आठवड्याला देशातल्या मोजक्या क्रीडा-पत्रकारांना मत असतं आणि त्यातला एक माझा भाऊ, म्हणून चर्चमध्ये मी काय फुशारक्या मारल्या होत्या! आणि तू काय दिवे लावलेस? आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ हंगामभर एकही सामना हरला नाही, त्याला सातवा नंबर. एकदा हरलेलं गल्फ स्टेट तुझ्या लेखी पहिलं! शेवटच्या मतदानातल्या वरच्या दोघांनाच अजिंक्यपदाचा सामना मिळतो, हे का मी तुला सांगायचं?

माझ्या वेडचं संघातलं हे शेवटचं वर्ष. तुझा सख्खा भाचा तो. पेपर घडी करून ठेवला आणि सरावाला गेला. मला मात्र किराणा दुकानात न्हाव्याच्या बायकोने विचारलं, की हा मामा नक्की कुणाचा? तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस मेल्या.

थँक्सगिव्हिंगला टर्की करतेय. तुझं ताट मांडायचं की नाही, ते उत्तर वाचून ठरवीन.

संतापलेली,
व्हर्नाताई


अटलांटा, १९ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. तुझं पत्र वाचून माझंही डोकं फिरलंय, तेव्हा स्पष्ट लिहितो.

गल्फ स्टेट हरलं ते कुणाशी? गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी, भर पावसात, शेवटच्या मिनिटाला. आणि तुम्ही जिंकलात कुणाशी? पाईक हिलशी! ज्यांना यंदा एकही सामना जिंकता आला नाही, त्यांच्याशी, तेही वीस-चौदा. सहा गुणांनी! गल्फ स्टेटने त्यांना सत्तर मारले असते. मी लेखात लिहिलं ते हेच, आणि त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

शिवाय वेड माझा भाचा आहे हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा संघ वर टाकला असता तर लोकांनी माझी सालटी काढली असती. न्याय करायचा तर घरच्यांपासून सुरुवात करावी लागते. तुझ्या हातचा पेकन पाय, तो अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड पदार्थ, हवाय, पण मत विकून नको.

तुझा,
एमेट


केलर व्हॅली, २२ नोव्हेंबर

एमेट,

आज आशीर्वादसुद्धा नाहीत.

पाईक हिलचा सामना पाहिलास तू? नाही. आकडा वाचलास. मध्यंतराला आम्ही वीस-शून्य पुढे होतो. मग कोच पर्सेलने वेडसकट सगळी पहिली फळी बसवली आणि वर्षभर बाकावर बसणारी पोरं उतरवली. त्यांनी चौदा खाल्ले. खाऊ देत! हरणाऱ्याला त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत तुडवायचं नाही आणि आपल्या बाकावरच्यांना एकदा तरी मैदान दाखवायचं, ही रीत पर्सेल कुणाकडून शिकला? आपल्या बाबांकडून, ते हायस्कूलच्या संघाचे कोच होते तेव्हा.

आणि शाळेचं अक्षर शिवलेलं तुझं ते जाकीट? मैदानात उतरल्याशिवाय ते कुणाला मिळत नाही. तू चार वर्षं बाक झिजवलास. शेवटच्या सामन्यात आपण पुढे होतो, म्हणून बाबांनी तुला उतरवलं. तुझ्या हातून चेंडू निसटला, समोरच्यांनी गुण केले. जिंकलो, पण थोडक्यात, आणि निवड करणाऱ्यांनी नेमक्या त्याच कारणावरून बाबांच्या संघाला राज्य स्पर्धेतून वगळलं. गावाने त्यांना नाही नाही ते ऐकवलं. बाबा एवढंच म्हणाले, की पोराला खेळायला मिळायलाच हवं होतं.

तुझ्या लेखावर छापतात त्या फोटोत तेच जाकीट आहे अंगात. न्याय म्हणे! लोक काय म्हणतील याला भ्यालास तू. ताट मांडणार नाही.

व्हर्ना


अटलांटा, ७ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. शेवटच्या मतदानात केलर व्हॅलीला पहिला नंबर दिला. का दिला ते लेखात लिहिलं, बाबांच्या नावासकट. इथे आता सगळे मला मामा म्हणतात, म्हणू देत.

निकाल ऐकलाच असशील. तुम्ही तिसरे. मी चिडून ओळखीच्या मतदारांना फोन केले, की हरला नाही तो संघ तुम्हाला दिसला नाही का? प्रत्येकाने एकच ऐकवलं, पाईक हिल, वीस-चौदा. सामना एकानेही पाहिला नव्हता. मी ओरडलो, की मग हे आणलंत कुठून? म्हणाले, तुझ्याच पहिल्या लेखातून.

वेडला कसं सांगू, कळत नाही.

एमेट


केलर व्हॅली, २ जानेवारी

चि. एमेट यास,

आशीर्वाद. राग गेलेला नाही, जाईल असंही दिसत नाही. माझ्या पोराचं वर्ष परत येणार नाही.

काल गल्फ स्टेट अजिंक्यपदाचा सामना खेळत होतं, तेव्हा आमची पोरं रिकाम्या खुर्च्यांपुढे दुय्यम सामना खेळत होती. कोच पर्सेलने या वेळी वेडला सांगितलं होतं, की शेवटचा सामना आहे, चिरडा त्यांना, बघू दे जगाला. आम्ही एकवीस गुणांनी पुढे गेलो. तेव्हा वेड आपणहून बाहेर आला, हेल्मेट काढलं आणि बाकावरच्या एका पोराला हाताला धरून मैदानात ढकललं.

रविवारी जेवायला ये. वेड स्वतःहून म्हणाला, मामाला बोलाव. पेकन पाय केलाय.

सामना आम्ही चार गुणांनी जिंकला. चारच. छाप तुझ्या पेपरात.

व्हर्नाताई