आवाजाची नस

दहिसर,
६ जानेवारी १९८५

ती. सौ. ताईस नलूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझी आमसुलं पोचली. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं तेच सुचत नव्हतं. मानेतल्या ज्या गाठींसाठी वर्षभर क्षयाच्या गोळ्या गिळल्या, त्या क्षयाच्या नाहीत. परळला एक गाठ काढून तपासली. मूळ दुखणं गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत आहे, कर्करोगाचं, आणि तेच मानेच्या गाठींत उतरलंय. घाबरू नकोस. सर्जन म्हणाले, हा प्रकार संथ असतो, बहुतेक माणसं पुढे पुष्कळ वर्षं जगतात. पण ऑपरेशन वाढतं. नुसती ग्रंथी काढून भागत नाही, कानाखालपर्यंत मान उघडून गाठी वेचाव्या लागतात.

आवाजाची नस ग्रंथीच्या मागूनच जाते. तिथली एक गाठ नसेला चिकटली असेल तर नसही कापावी लागेल. मरोळच्या कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर, माझं पोटच आवाजावर. तेवढी एक गाठ ठेवता येईल का, असं विचारलं. ठेवता येईल, पण ती तिथेच वाढेल, म्हणाले. हे म्हणतात, तुला वाटेल ते कर. मला काहीच वाटत नाही गं, नुसता थकवा आलाय. तू सांग.

लोभ आहेच, या दिवसांत जरा जास्त असू दे.

तुझी नलू

*

कणकवली,
१४ जानेवारी

चि. सौ. नलूस रत्नप्रभाचे अनेक आशीर्वाद.

मला नसाबिसा कळत नाहीत. पण विचारलंस म्हणून सांगते, एकही गाठ ठेवू नको. ‘तुला वाटेल ते’ हे उत्तर नव्हे, असं श्यामसुंदररावांना वेगळ्या कार्डावर लिहिलंय. रागावले तर रागावू देत. आई असती तर एवढंच म्हणाली असती, “आवाज गेलो तरी चलात बाय, तू मातर रव.”

सासूबाई पाय मोडून पडल्यात, त्यांना टाकून निघता येत नाही. जीव तिकडेच आहे. खात जा.

तुझी ताई

*

दहिसर,
२१ एप्रिल

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार.

आता हात चालतो, म्हणून मीच लिहितेय. ऑपरेशननंतर मुंग्या येऊन बोटं आखडायची, कॅल्शियमच्या गोळ्यांनी थांबलं. गाठ नसेला चिकटलेलीच निघाली. नस गेली. शुद्धीवर आल्यावर यांना हाक मारली तर नुसता वारा आला. हे बाहेर जाऊन उभे राहिले. बाबा रडत होते, असं लताने मागाहून सांगितलं. कंपनीने मला टपालाच्या टेबलावर बसवलंय. घरात हाक पोचत नाही, मग मी ताट वाजवते.

उरलंसुरलं मरावं म्हणून मागच्या महिन्यात किरणोत्सर्गी आयोडीन पाजलं. ते अंगात असेपर्यंत कुणी जवळ यायचं नाही, म्हणून एकटीला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. नर्स दाराशी ताट ठेवून जायची. आई एकटी पडली म्हणून इकडे लताने जेवण सोडलं होतं.

ताई, खरं सांगू? तिथे कुणी चहा मागत नव्हतं. कुणाला हाक मारायची नव्हती. मी झोपले. जाग आली की कूस बदलून परत झोपले. लग्न झाल्यापासून इतकी झोप मिळाली नव्हती. घरी जा म्हणाले, तेव्हा पिशवी भरायला मी मुद्दाम वेळ लावला.

सासूबाईंना नमस्कार. हे पत्र मोठ्याने वाचू नकोस.

तुझी नलू