खिडकीजवळची खुर्ची गेली

तीर्थस्वरूप आक्काच्या पायांवर धाकट्याचे डोके (मनातल्या मनात, कंबर आता तेवढी वाकत नाही). तुझा गुडघा कसा आहे? कानातले यंत्र घालतेस की अजून उशीखालीच ठेवतेस? मी बरा आहे, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरे म्हणजे मी पार हबकलो आहे. आक्का, माझी खिडकीजवळची खुर्ची गेली! घरच्या यंत्रमाणसाने घेतली, आणि ती मीच हात वर करून दिली.

सुनेने घरकामाला यंत्रमाणूस आणल्याचे तुला ठाऊक आहेच (फोनवर माझ्याआधी तू त्याच्याशीच बोलतेस). मी त्याला ठोकळ्या म्हणतो. नातीला ते खपत नाही. तिला शाळेत नीतिशास्त्र नावाचा विषय आहे. (आपल्याला नीती वडिलांनी दुकानातल्या कापड मोजायच्या पट्टीने शिकवली, पुस्तकाची गरजच पडली नाही.) तर परवा जेवताना ती म्हणाली, "जो या घरासाठी दिवसभर राबतो, त्याला एक तरी गोष्ट मनासारखी मिळावी की नको? हात वर करा." मला वाटले, पोरीला आजोबाची कणव आली. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. मग ती ठोकळ्याकडे वळून विचारते, "बोल, तुला काय हवं?" मी उचललेला घास परत ताटात ठेवला. जन्मभर शिवणयंत्र चालवले, पण कधी त्याला विचारले नाही की बाबा रे, आज काजे करायची इच्छा आहे का! ठोकळ्या म्हणाला, "संध्याकाळी खिडकीजवळची खुर्ची." मी ओरडलो. सून शांतपणे म्हणाली, "बाबा, पहिला हात तुमचाच होता." मुलगा म्हणाला, "त्या वेळी तुम्ही फिरायला जाता ना?" जातो. पण रिकामी असली तरी खुर्ची माझीच ना?

दुसऱ्या दिवशी मी रागाने तरातरा बाहेर पडलो. येताना लाँड्रीच्या कोपऱ्यावर आलो आणि थांबलो. डावीकडे की उजवीकडे? रोजचा कोपरा, आक्का, पण सगळी घरे परक्यासारखी बघायला लागली. तेवढ्यात समोरून ठोकळ्या आला, हातात माझी छत्री (ऊन-पाऊस काही नव्हते). "आजोबा, डावीकडे," एवढेच बोलला. वाटेत मी खोदून विचारले तेव्हा कळले, बरेच दिवस मी त्या कोपऱ्यावर चुकतो आणि मग परत फिरतो. माझी खुर्ची पुसताना त्याला ते खिडकीतून दिसले; तो कोपरा फक्त तिथूनच दिसतो. म्हणून त्याला ती हवी होती.

मी वाटेतच एका पायरीवर बसलो. म्हटले, "हे माझ्या मुलाला सांगितलंस?" म्हणाला, "कोणी विचारलं नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही." मी रागावलो, गयावया केली, शिवणयंत्राचे उत्तम तेल देऊ केले. त्याला तेल लागत नाही. मुलाला कळले तर माझे एकट्याने फिरणे बंद! समोरचे मास्तर एकदा रस्ता चुकले, तेव्हापासून बूट घालून गच्चीतच येरझाऱ्या घालतात. मला तसले बूट घालायचे नाहीत, आक्का.

बाकी सर्व क्षेम.

तुझा धाकटा

ता. क. फोनवर ठोकळ्याला "माझा भाऊ नीट आहे ना रे?" असे विचारायची तुला खोड आहे. तुझ्या पाया पडतो, विचारू नकोस. हवेचे विचार, गुडघ्यावरचे उपाय विचार.

आणखी ता. क. वडिलांच्या दुकानातली जोडीची खुर्ची तुझ्याकडे आहे, जिच्यावर तू रद्दी रचतेस. ती पाठवून दे. कोपरा दिसेल अशी बेताने ठोकळ्याला लावून देईन. माझ्या खुर्चीत तो बसलेला मला बघवत नाही.

शेवटचे ता. क. पाकिटावरचे अक्षर माझे नाही. तुझ्या गल्लीचे नाव ऐन वेळी आठवेना. ठोकळ्याने मुकाट्याने लिहून दिले. त्याने काही विचारले नाही, मीही काही सांगितले नाही.