धान थांबतो, दिरहम थांबत नाही

२९ ऑगस्ट २०१३, गुरुवार

रुपया पडला! पेपरच्या पहिल्या पानावर, हातभर अक्षरात. एका डॉलरला अडुसष्ट! दुबईच्या एका दिरहमला साडेअठरा! सारा देश तोंड पाडून बसला आणि मी सकाळपासून गालात हसून राहिलो. माझी बायको रुक्मा म्हणे, "काय झालं या बुडग्याले? पडलं कोण, हसते कोण!"

तिला काय सांगू. पोराला, लोकेशला, दुबईत तीन वर्षं झाली. इलेक्ट्रिशियन आहे. तिथल्या बँकेत त्याचे तेहतीस हजार दिरहम जमले; आता महिन्याचं उरते ते घरखर्चालाच येते. सहा लाख रुपये झाले की गाव धरायचं, गोंदियात मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकायचं, हे त्याचं ठरलेलं. आज तेहतीस हजाराला साडेअठरानं गुणलं. सहा लाख दहा हजार पाचशे. तीनदा गुणलं. तिन्ही वेळा तेवढेच आले!

जूनमध्ये करार संपतो. पोरगा घरी.

१ सप्टेंबर, रविवार

लोकेशचा फोन. "बाबा, भाव चांगला आहे. पाठवून टाकू का सारे?"

म्हटलं, थांब.

तीस वर्षं राइस मिलच्या काट्यावर काढली मी. पोत्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलो – शाळा तीच, मास्तरही पोतंच. एक गोष्ट पक्की शिकलो: दिवाळीत धान विकणारा रडतो, घरच्या ढोलीत साठवून होळीनंतर विकणारा हसतो. म्हटलं, "वीस होऊ दे. मग पाठव."

त्यानं विचारलं, "बाबा, दिरहम काय धान आहे?"

"भाव तो भाव, बेटा! तांदळाचा असो का सोन्याचा."

"बरं," म्हणाला. लहानपणापासून ऐकणारा पोरगा!

मग फोन सूनबाईनं, समीक्षानं घेतला, मग मोनालीनं. नात साडेतीन वर्षांची. कळत्या वयात बापाला एकदाच पाहिलं तिनं, तो सुटीवर आला तेव्हा. ती फोनलाच पप्पा समजते. रात्री विचारते, "आई, पप्पाले चार्जिंगले लावलं का?"

२० सप्टेंबर, शुक्रवार

दिरहम सतरा. खाली-वर चालायचंच. चढेल.

१० डिसेंबर, मंगळवार

सोळा रुपये साठ पैसे.

मिलमध्ये फळ्यावर भाव लिहीत, तसा मी घराच्या दारावर खडूनं लिहितो – वर धान, खाली दिरहम. रुक्मा म्हणते, "दार आहे का मंडी?" मोनाली आकड्यांना डोळे काढते आणि मिशा.

आज पेपरात कारण सापडलं. चार राज्यांचे निकाल लागले म्हणे. त्यावरून व्यापाऱ्यांनी ताडलं की पुढं दिल्लीत पक्कं सरकार येणार. म्हणून बाहेरचा पैसा आत येऊन राहिला, आणि रुपया वधारला. पुन्हा पुन्हा वाचलं. धानाचा भाव पावसावर चालतो, इटियाडोह धरणाच्या पाण्यावर चालतो, व्यापाऱ्याच्या लहरीवर चालतो, हे ठाऊक होतं. मतमोजणीवर चालणारा भाव उभ्या जन्मात पाहिला नव्हता!

आणि दुसरं. धान ठेवला तर उंदीर खाईल फार तर पायलीभर. हे दिरहम कोण खाऊन राहिलं, दिसतच नाही.

लोकेशशी फोनवर धानाचंच बोलतो.

६ एप्रिल २०१४, रविवार

आज गावात माझी अब्रू गेली.

तुलसीराम सकाळी पेपर वाचायला आला. शेजारचा पवार, माझ्याच वयाचा. शेताच्या धुऱ्यावरून भांडलो तेवढंच, बाकी चाळीस वर्षं चहा माझ्याकडे. म्हणे, "ताराचंदभाऊ, अवंदा पक्कं सरकार पायजे गा."

मी म्हटलं, "कच्चं असलं तरी चालते."

"काऊन गा?"

समजावून सांगितलं. पक्कं सरकार आलं की रुपया चढते. रुपया चढला की दिरहम पडते. दिरहम पडला की माझा लोकेश तिकडंच अटकते. तुलसीरामची बशी तोंडाजवळच थांबली.

"म्हणजे तू देशाचा रुपया पडावा म्हणून बसला?"

"थोडासाच. जूनपर्यंत."

दुपारपर्यंत गावभर झालं! रुक्मा बोरिंगवरून रिकामी घागर घेऊन परत आली. "बाया विचारून राहिल्या, तुमचा बुडगा देशाच्या विरोधात गेला म्हणते, खरं काय? आता पाणी तुमीच आणा!"

आणलं. दोन खेपा.

१० एप्रिल, गुरुवार

मतदान. सकाळी सातलाच रांगेत. तुलसीराम मागून ओरडला, "पाहा गा, रुपया पाडणारा आला!" सारी रांग हसली. मीही हसलो.

मशीनसमोर उभा राहिलो. इतकी नावं, इतकी चिन्हं. रुपया चढवतो म्हणणारे सारेच. जूनपर्यंत जरा धरून ठेवतो म्हणणारा एकही नाही! बोट वर नेलं, खाली आणलं. आतला बाबू म्हणे, "काका, दाबा. लाइन मोठी आहे."

बाबासाहेबांनी हा हक्क माझ्या हाती दिला तो काही दिरहमच्या भावासाठी नाही. माझ्या बापाच्या बापाला तर मत म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. जे देशाला बरं वाटलं ते दाबलं. कोणतं, ते इथंही लिहीत नाही.

बाहेर आलो आणि शाईचं बोट तुलसीरामला दाखवलं.

१४ मे, बुधवार

बुद्ध पौर्णिमा. विहारात वंदना, मग खीर. भंतेजींनी सांगितलं, तृष्णा हेच दुःखाचं मूळ. माझ्याकडेच पाहून सांगत होते काय? त्यांना 'वीस होऊ दे' कोणी कळवलं?

दिरहम सव्वासोळा.

१६ मे, शुक्रवार

निकाल. तुलसीरामकडे टीव्हीसमोर पंचवीस माणसं. पक्कं सरकार आलं. इतकं पक्कं, की कोणी कच्चं म्हणणार नाही! फटाके, गुलाल. सारे वर पाहून राहिले – कोण पुढं, कोण मागं. मी एकटा खाली पाहून राहिलो, जिथं बारीक पट्टी सरकते. डॉलर अठ्ठावन्न रुपये ऐंशी पैसे. हिशेब मनातच झाला. दिरहम सोळा. पाच लाख अठ्ठावीस हजार.

सहा लाखाला बहात्तर हजार कमी.

तुलसीरामनं तोंडात पेढा कोंबला. "खा गा! सरकार सर्वांचंच होय!" मग माझं तोंड पाहून हळूच म्हणाला, "किती पडलं?" सांगितलं. त्यानं दुसरा पेढा दिला. दुसरं करणार काय बिचारा.

१८ मे, रविवार

लोकेशला सारं कबूल केलं. माझी चुकी. धानाचं शहाणपण दिरहमला लावलं. बैलजोडी विकतो, ढोलीतला धान काढतो, पण तू ये.

"नाही बाबा. बैल विकून मी घरी आलो, तर दारात काय पाहू?"

नवा करार दोन वर्षांचाच होतो, मधात सुटता येत नाही. कंपनी सुपरवायझर करून राहिली म्हणे, पगार वाढेल. सही करतो म्हणाला.

म्हटलं, "माझ्यामुळं झालं."

"तुमी सांगितलं, मी ऐकलं. थांबलो तर मीच ना."

एखादी शिवी दिली असती तर रात्री दोन घास तरी जेवलो असतो. मग म्हणाला, "समीक्षाले द्या." ती फोन घेऊन आंगणात गेली. आत आली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा हलका. मला वाटलं, बरं झालं, रडून घेतलं.

२५ मे, रविवार

दिरहम पंधरा नव्वद. रुक्मानं ओल्या फडक्यानं दार पुसून काढलं. मी खडू फेकून दिला.

१९ जून, गुरुवार

दवनीवाडा ठाण्यातून शिपाई आला. पासपोर्टची चौकशी. म्हटलं, लोकेशचा कधीचाच झाला. तो म्हणाला, "लोकेशचा नाही, बाबाजी. समीक्षा आणि मोनाली."

समीक्षा दारात उभी. भावाकडे जातो म्हणून महिन्याआधी नागपूरला गेली होती, ती याच कामाला. "मामाजी, आज सांगू, उद्या सांगू, असं करून राहिली होती मी. तिकडं त्यायले घरच्यांसाठी खोली मिळून राहिली, आमाले बोलावलं."

रुक्मानं चहा ठेवला. शिपायानं कागद काढला. "नियमानं विचारावं लागते, बाबाजी. या दोघींना किती दिवसांपासून ओळखता?"

सहा वर्षं, म्हटलं. लहानीला चार.