एका विमानाची कंपनी

माय, परवा आपल्या कंपनीचं विमान पहिल्यांदा मुंबईत उतरलं आणि मी त्यातच बसून आले. 'आपली कंपनी' हा शब्द तुझाच. त्या देशाचं नाव तुला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही. गावात कोणी विचारलं की तू नुसतं 'तिकडं, आफ्रिकेत' म्हणायचीस, पण कंपनी मात्र आपली म्हणायचीस, जणू आपल्या मच्छीमार सोसायटीनेच ठराव करून ती काढली होती. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे तीन विमानं होती आणि तिसरं बहुतेक वेळ दुरुस्तीतच उभं असायचं. आता विमानं मोजायला दोन्ही हातांची बोटं लागतात. हे तुला सांगायचं राहूनच गेलं होतं, म्हणून लिहायला बसले.

मी नागपूरच्या विमानतळावर माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लागले तेव्हा तू लाखांदूरच्या बाजारात, रोहू तोलता तोलता, गिऱ्हाइकांना सांगायचीस, "माही पोरगी विमान भरते." त्यांना वाटायचं, पेट्रोल भरते. तू दुरुस्त करायची नाहीस. मग आफ्रिकेतल्या एका छोट्या देशाने स्वतःची विमानकंपनी काढल्याचं कळलं. त्यांना मालाचं काम जाणणारं माणूस हवं होतं. बाबा जाऊन वर्ष झालं होतं, भाऊ तलावातल्या मासेमारीच्या ठेक्यात होता, आणि माझ्या लग्नाचं बोलणं दोनदा होऊन मोडलं होतं. मला वाटलं, तू रडशील. तू मासोळीचे खवले काढत होतीस, हात थांबला नाही. फक्त विचारलंस, "तठी तलाव हाये का?" मी म्हटलं, मोठा आहे, पलीकडचा काठ दिसत नाही एवढा. "मंग जा," तू म्हणालीस. "पाणी हाये तठी मानसं भुकी नाही मरत."

कंपनी म्हणजे तेव्हा दोन खोल्या आणि एक विमान, तेही भाड्याचं, पंख्याचं. कंपनी चालवणारे कप्तानसाहेब स्वतःच ते उडवायचे. सकाळी टेबलाशी बसून पत्रं लिहायची आणि दुपारी टोपी घालून विमानात जायचं. त्या देशाला समुद्र नाही, रस्ते वाईट. शेजारच्या देशाच्या राजधानीत जायचं तरी लोक आधी भलत्याच दिशेला, तिसऱ्या देशाच्या विमानाने, एक मुक्काम करून जायचे. कप्तानसाहेब म्हणायचे, शेजारच्या घरी जायला तिसऱ्याच्या अंगणातून किती दिवस जायचं? पण लोकांचा भरवसा बसत नव्हता. लग्नात, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर आमच्या एकुलत्या विमानावरून विनोद चालायचे. ढग आला की ते घरी परत येतं म्हणे. खुर्च्या निम्म्या रिकाम्या जायच्या आणि खुर्च्यांखालचं माल भरायचं पोट तर पूर्णच रिकामं.

त्या रिकाम्या पोटात मासोळी भरायची हे मला सुचलं यात माझं काही शहाणपण नव्हतं. तुझी पोरगी रिकामी पाटी पाहू शकत नाही, एवढंच. तलावाच्या काठावर बायका ताजी मासोळी घेऊन उन्हात बसायच्या, दुपारपर्यंत निम्म्या भावात द्यायच्या. आणि आमचं विमान जिथे जायचं त्या समुद्रकाठच्या शहरातली हॉटेलं गोड्या पाण्याच्या मासोळीला तरसलेली. पण पहिल्याच खेपेला खोक्यांतून पाणी झिरपलं. बर्फाचं, रक्ताचं पाणी विमानाच्या तळात गेलं, आणि असं पाणी पत्रा खाऊन टाकतं. कप्तानसाहेब ओरडले नाहीत, ते वाकून स्वतः फडक्याने पुसत बसले, आणि ते मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. मासोळी बंद. पुढचे कितीतरी आठवडे काठावरच्या सर्वांत भांडकुदळ मासेवालीबरोबर मी शेडमध्ये खोकी भरून उलटी टांगून पाहिली. कधी तिची युक्ती फसली, कधी माझी. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी भांडण रीतसर व्हायचं. शेवटी एक दिवस खोकं रात्रभर टांगूनही खालचा कागद कोरडा निघाला. ती नाचली. मी कप्तानसाहेबांना कागद दाखवायला पळाले. त्यानंतर वर खुर्च्या रिकाम्या असल्या तरी खाली पोट भरलेलं असायचं, आणि विमान उडत राहिलं.

आणि मग ते विमानच गेलं. ज्यांचं होतं त्यांनी भाडेकरार संपताच परत नेलं, दुसरं मिळेना. माझ्यासारखे बाहेरून आलेले सगळे एकेक करून आपापल्या देशी गेले. मीही बॅग भरली आणि निघते म्हणून सांगायला तुला फोन केला. तेव्हा आपलं गाव उठत होतं. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढत होतं, निम्मी घरं नव्या वसाहतीत गेली होती, आणि तू अजून जुन्या घरातच चूल पेटवत होतीस. फोन शेजारच्या पोराचा, आवाज तुटक.

"माय, मी घरी येऊन राहिली."

"काहून?"

"विमानच नाही, तर इथं बसून करू काय?"

"बाकीचे काय करून राहिले?"

"काही नाही. कप्तानसाहेब रोज येऊन ऑफिस उघडतात आणि बसतात."

"तो उघडते न? मंग तूबी बस." मग तुझा आवाज चढला. "आमचं गाव उठून राहिलं, तर मी काय तुह्या मावशीकडे नागपूरले जाऊन बसली का? ज्याईचं मीठ खाल्लं त्याईले मधात सोडून नोको येऊ. त्याईचं काही लागू दे ठिकाणाले, मंग ये. मी हाकलत नाही तुले." आणि तू फोन भावाच्या हातात दिलास. तो बिचारा बराच वेळ नुसता 'हो, हो' म्हणत राहिला.

मी रागाने बॅग उघडली. सांगू का, तेव्हा तुझं काही पटलं नव्हतं; नुसता राग आला होता आणि रागात मी राहिले. आम्ही त्या दोन खोल्यांत बसायचो. कप्तानसाहेब मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवायचे, मी मासेवालीच्या खोक्यांसाठी ट्रक शोधायची. धंद्याची साखळी तुटू नये, एवढंच पाहायचं. पावसाळा गेला, आणखी एक गेला. मग सरकार राजी झालं आणि एक विमान आलं, आधीच्यापेक्षा लहान, दुसऱ्यांनी वापरलेलं, पण विकत घेतलेलं. स्वतःचं. त्या दिवशी धावपट्टीच्या कुंपणाला अख्खं शहर लटकलं होतं. विनोद करणारेही. मासेवाली लग्नातले कपडे घालून आली. विमान थांबलं, पंखे थांबले, आणि कप्तानसाहेब खाली उतरून चाकाला हात लावून उभे राहिले.

वर्षभरात दुसरं आलं, आणि कंपनीने प्रत्येकाच्या घरच्या एकाला बोलावलं. तू आलीस! भावाने मुंबईला बसवून दिलं, मधे एकदा विमान बदललंस, भाषा कुणाची येत नाही, आणि मी घाबरून विमानतळाच्या दारात उभी, तर तू तिथल्या पोराने ढकललेल्या चाकाच्या खुर्चीत राणीसारखी बसून येतेस, मांडीवर चिन्नोरच्या तांदळाचं गाठोडं. "त्या पोरानं बसवलं," तू म्हणतेस. "मी म्हटलं मले चालता येते, त त्याले समजलं नाही. मंग बसली बाप्पा."

माझ्या क्वार्टरचं ते अरुंद स्वयंपाकघर तू एका दिवसात ताब्यात घेतलंस. गॅसची शेगडी तुला उंच, म्हणून खाली उतरवलीस. ऑफिसातले सगळे जेवायला आले. चिंच घालून केलेला तलावाच्या मासोळीचा रस्सा, आणि तो वासाचा भात. कप्तानसाहेब आपल्यासारखे हाताने जेवायला बसले, तशी तू मला म्हणालीस, "त्याले सांग, काटे पाहून खा. विमान चालवाचं हाये त्याले." मी सांगितलं. ते इतके हसले की खरंच ठसका लागला, आणि तू उठून त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्यास. एका देशाच्या विमानकंपनीच्या साहेबाच्या पाठीवर!

आणि बाजार. मासेवालीने तुला पाहिलं, तू तिला. तू तिच्या पाटीतली मासोळी उचलून कल्ला उघडून पाहिलास आणि मान हलवलीस. ती भडकली, खालची दुसरी काढून दाखवली. तू पुन्हा पाहिलास आणि हसलीस. पुढचा अर्धा दिवस तुम्ही दोघी एका पोत्यावर बसून बोलत होतात, तू आपल्या झाडीबोलीत, ती तिच्या भाषेत, आणि मधे बसून मी दुभाषेपण करायला गेले तर दोघींनीही मला गप्प केलं.

परतीच्या आधी तुला तलावावरून पलीकडच्या गावी नेऊन आणलं. खिडकीची जागा. तू पदर डोक्यावर घट्ट धरून बसलीस. खाली मासेमारीचे डोंगे मुंगीएवढे दिसत होते. मग तू विचारलंस, "या पान्याखाली गाव हाये का कोनाचं?"

"नाही माय. हा आपोआप झालेला तलाव आहे. पहिल्यापासूनचा."

"मंग बरं हाये," तू म्हणालीस, आणि तेव्हा कुठे काचेला नाक लावून खाली पाहायला लागलीस.

तू गेलीस ती नव्या वसाहतीत, सिमेंटच्या घरात. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. कप्तानसाहेबांनी सगळ्या स्टाफला उभं करून दोन मिनिटं शांतता पाळली, आणि मासेवालीने त्या दिवशी पाटी लावली नाही, हे मला नंतर कळलं.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. जेट आलं. एक मार्ग सुरू करून बंद करावा लागला, त्याचं सगळ्यांना दुःख झालं. मग रोगराईत जगभरची विमानं जमिनीवर बसली तेव्हा आमची औषधं आणि मासोळी घेऊन उडत होती. कप्तानसाहेब म्हातारे होऊन त्यांच्या गावी गेले. परदेशी माणसं कमी कमी होत गेली, कारण तिथलीच मुलं-मुली शिकून तयार झाली. परवाचं विमान चालवणारी बाई तिथलीच. प्रवाशांत मुंबईच्या इस्पितळात निघालेले आजारी होते, शिकायला निघालेली पोरं होती, कापडाचे व्यापारी होते. एकही खुर्ची रिकामी नव्हती. उतरल्यावर दोन्ही बाजूंनी बंबांनी स्वागताला पाण्याची कमान केली, आणि माझ्या शेजारची एक आजारी म्हातारी टाळ्या वाजवायला लागली. तिच्या देशाचं विमान इतक्या लांब आलं होतं.

माझी नोकरी मागच्या महिन्यातच संपली होती, या पहिल्या विमानासाठी तेवढी थांबले होते. भावाने वसाहतीतल्या घरावर माझ्यासाठी खोली बांधली आहे. रंग त्याने स्वतः दिला, पंखा लावला, भिंतीत देवळी ठेवली. "आता राहा अठीच," तो म्हणतो. "बस झालं तुह्यं उडणं." मी आल्यापासून वहिनी दर जेवणाला काहीतरी माझ्या आवडीचं करते. पोरं आत्या, आत्या करत अवतीभवती असतात. सगळं आहे, माय. काही कमी नाही.

आज सकाळी तिकडून फोन आला. मालाच्या कामावर नव्या मुली भरती झाल्या आहेत, दोन वर्षं येऊन शिकवाल का, म्हणून. मी विचार करून सांगते असं म्हणायला हवं होतं. मी लगेच हो म्हणाले. फोन ठेवल्यावर आपण हसतोय, हे माझं मला कळलं.

भावाला अजून सांगितलेलं नाही. तो खाली अंगणात जाळं विणत बसला आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. खरं सांगते, त्याच्यासमोर बोलायचा धीर होत नव्हता, म्हणून आधी तुला सांगून पाहिलं.