पांढऱ्या दोऱ्याचं कौतुक

दि. ३ मार्च

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

वि. वि. आईनं उभ्या जन्मात सुईत दोरा ओवला नाही, आणि तुझ्या प्रदर्शनाच्या जाडजूड पुस्तकात छापलंय की संग्रहालयात टांगलेला तो वीस हात लांब पडदा तिनं शिवला! भाषा जड, म्हणून शेजारच्या मास्तरीणबाईंकडून दोनदा वाचून घेतलं. जुने शर्ट उसवले मी, तुकडे जुळवले मी, दुकानातली शिवणं रखडली म्हणून गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली मी. तू नुसता स्टुलावर बसून चहा ढोसत होतास. चित्रं तुझी, मातीकाम तुझं, सिनेमे तुझे. शिवण तेवढी माझी, तीही मेलेल्या माणसाच्या नावावर खपवलीस? खुलासा कर.

संतापलेली,
ताई

दि. ८ मार्च

ती. ताईस सा. न.

तू चिडलीस, साहजिक आहे. पण आई म्हटलं की बघणाऱ्यांचे डोळे भरतात. शिंपीण बहीण म्हटलं की काय होतं? संग्रहालयाच्या बाईंनी तर अख्खं पान लिहिलंय: तुकड्यांवरून जाणारा तो लांब पांढरा दोरा म्हणजे आईच्या न बोललेल्या शब्दांची वाट! पुढच्या आवृत्तीत तुझं नाव नक्की घालू. शनिवारी उद्घाटनाला ये, माझ्याजवळ उभी राहा. फक्त कुणाशी बोलू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

दि. ११ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद तूर्त राखून ठेवलेत.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की तोंडातल्या टाचण्या गिळता गिळता वाचले. अरे दीडशहाण्या, ते कच्चे टाके आहेत! पक्की शिवण घालेपर्यंत कापड सरकू नये म्हणून घालतात, मग ओढून केरात टाकतात. मी पक्की शिवण घालायच्या आतच, असाच छान दिसतो म्हणत तू पडदा गुंडाळून पळालास. आता ते सगळं धूड त्या दोऱ्यावर लोंबतंय, आणि गाठ कुठल्या कोपऱ्यात आहे ते मलाच ठाऊक. एका हिसक्यात आईची वाट तुझ्या पाहुण्यांच्या पायांत येईल.

शनिवारी येतेच. बोलणार नाही कुणाशी, कातर घेऊन येईन. ते नको असेल तर पडद्याखाली माझं नाव लाव, पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीत खरं काय ते छापून चिकटव. मग मी आदल्या दिवशी येऊन पक्की शिवण घालून देईन.

सख्खा आहेस म्हणून एवढी सवड देतेय. संग्रहालयाच्या त्या बाईंच्या सहीचं उत्तर गुरुवारी दुकान बंद व्हायच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

ताई