फ्री साइज चिलखत

८ नोव्हेंबर, शनिवार
पार्सल आलं. चिलखत. एकूण सोळा तुकडे. पातळ पांढरं प्लास्टिक, प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी बोटभर फालतू कड. ती कड कापायची, आपल्या अंगाला बसवायचं, पट्टे लावायचे, चंदेरी रंग मारायचा. झालं. सोबतचा कागद चिनी भाषेत आहे. चित्रातला माणूस बारीक आहे, पण हसून राह्यला. म्हणजे काम सोपं असंल. ॲपवर ‘फ्री साइज’ लिहिलं होतं. माझी साइज त्यात आलीच.

कारण लिहून ठेवतो. तीस तारखेला माझ्या मेहुणीचं, आकांक्षाचं लग्न आहे. वडीगोद्रीला, हायवेवरच्या मंगल कार्यालयात. आमची दैवशाला पोळ्यापासून तिकडंच माहेरी आहे. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्ती. ऑपरेशन सप्टेंबरात झालं, पण सासूबाईंना डोळे दोन आहेत, वेळ लागणारच. जाताना म्हणली होती, चौदा वर्षांत तुम्ही एकदा पण माझ्या पाठीशी उभे राह्यले न्हाई. ते मला लागलं. म्हणून नवरीच्या एन्ट्रीला सगळ्यात पुढं मी चालणार. अंगात चिलखत, हातात भाला. सगळ्या पाव्हण्यांसमोर. दैवशाला बघंल. लग्न उरकलं की माझ्यासोबत जालन्याला येईल.

प्लॅन एकदम क्लिअर.

९ नोव्हेंबर
सासऱ्यांना, काकासाहेबांना फोन करून प्लॅन सांगितला. त्यांनी पूर्ण प्लॅन परत एकदा सांगायला लावला. मंग म्हणले, या ना, लग्नाला कोणाला न्हाई कशाला म्हणायचं. परवानगी मिळाली.

पत्रिका व्हॉट्सॲपवर आल्ती. निमंत्रकांत चुलत धरून पाच जावयांची नावं आहेत, माझं न्हाई. प्रेसवाले जागा वाचवतात.

१० नोव्हेंबर, दुपारी
ड्यूटीवर. ट्रक न्हाई म्हणून मिलच्या वजनकाट्यावर स्वतःच उभा राह्यलो. नव्वद दाखवलं. पण आपला काटा लोखंडाच्या ट्रकचा, दहा-दहा किलोनं मोजतो. म्हणजे खरं वजन पंच्याऐंशी पण असू शकतं. पंच्याऐंशीच धरतो.

आमच्या रोलिंग मिलमधला फिटर धम्मपाल याला तुकडे दाखवले. तो म्हणला, कल्याणभाऊ, आधी अंगावर टेपनं चिटकवून बघा, पेन्सिलनं खुणा करा, अन् खुणेच्या बाहेरून कापा. थोडं थोडं. कापलेलं परत जोडता येत न्हाई. मी त्याला म्हणलं, सतरा वर्षं झाली मला काट्यावर बसून, मापाचं मला सांगू नको. तो पाना उचलून मशीनकडं गेला. पटलं असंल.

११ नोव्हेंबर
संकल्प. आजपासून एकच वेळ जेवण. ज्वारीची भाकर, मेथी, बस.

संध्याकाळी पोटाचं माप घेतलं. श्वास आत ओढून छत्तीस इंच. सरदार माणूस श्वास आत ओढूनच उभा राहतो, त्यामुळं हेच माप बराबर.

१२ नोव्हेंबर
दैवशालाचा फोन आला. तिनं स्वतःहून केला, हे लिहून ठेवतो. म्हणली, माझं शिलाई मशीन टेम्पोत टाकून पाठवून द्या. लग्नघर आहे, ब्लाउजं शिवायची असतील. दुपारच्या दुपारी मशीन रवाना केलं. आवाज बरा होता तिचा. जेवलात का, हे विचारायचं राहून गेलं असंल.

काल ज्वारीचं पीठ संपलं. आज मेसमध्ये जेवलो. उद्यापासून एकच वेळ.

१५ नोव्हेंबर, शनिवार
छातीचा अन् पाठीचा तुकडा कापला. कटरनं दोनदा ओरखडा ओढायचा अन् वाकवलं की कड कट्कन तुटते. मजा येते. मजेमजेत थोडी जास्त तुटली. घालून बघितलं. समोरून जबरदस्त. बाजूनं दोन्ही तुकड्यांच्या मधी चार बोटं फट. थंडीत प्लास्टिक आकसत असंल.

पट्टे शिवायला बसलो तेव्हा ध्यानात आलं की मशीन वडीगोद्रीला गेलंय. मस्तगडमधल्या टेलरकडं गेलो. तो म्हणला, लग्नसराई आहे, असलं काम घेत न्हाई. हातानं शिवून राह्यलो. अंगठ्यात सुई तीनदा गेली.

१८ नोव्हेंबर
दैवशालाचा फोन. या महिन्यातला दुसरा. कपाटातले तिचे सगळे कपडे अन् दहावीचं मार्कमेमो पाठवा म्हणली. दुकानाच्या लायसनला लागतंय. हायवेवर गाळा घेतलाय म्हणली. मी म्हणलं, चांगलंय. सीझनपुरता घेतला असंल. ती अजून काही सांगणार होती, पण मी तिला म्हणलं की तीस तारखेला तुला एक सरप्राइज आहे. मंग ती गप्प झाली. सरप्राइज म्हणलं की माणूस गप्प होतोच.

कपाट रिकामं झालं. चिलखत ठेवायला बराबर जागा झाली.

२१ नोव्हेंबर
धम्मपाल म्हणला होता, प्लास्टिक गरम पाण्यात मऊ पडतं, मंग लागंल तसं वाकवता येतं. मी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं अन् छातीचा तुकडा आत सोडला. फट मिटवायची म्हणून. तुकडा मऊ पडला. बिलकुल पापडासारखा. बाहेर काढला तर त्याला पातेल्याचा आकार आल्ता. गार व्हायच्या आत पोटावर दाबला, म्हणजे आपल्या अंगाचा आकार घेईल.

घेतला. पोट पण भाजलं. वीतभर लाल झालं. दवाखान्यातल्या मॅडमनं विचारलं कशानं भाजलं. चिलखतानं, म्हणलं. तिनं पेपरवर ‘चहा’ लिहिलं.

फट आता तीन बोटं. म्हणजे प्रगती आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
पायाच्या नळीचे तुकडे कापले. आरशात बघून खुणा केल्त्या. आता माझ्याकडं दोन तुकडे आहेत अन् दोन्ही डाव्या पायाचे. उजव्या पायाला डावा तुकडा उलटा करून लावला तर गुडघ्याच्या मागं चिमटा बसतो. चालताना लंगडल्यासारखं दिसतं. लढाईतून आलेला सरदार लंगडणारच.

दैवशालाला तीनदा फोन केला. उचलला न्हाई. लग्नघरात आवाज असतो.

२५ नोव्हेंबर
पाच दिवस राह्यले. आज नीट बघितलं. छाती पातेल्यासारखी. पाठ लांडी. खांद्याचे तुकडे कानाला लागतात. उजवा पाय डावा. दंडाचे तुकडे तेवढे चांगले बसतात, पण त्यात हात गेला की कोपर वाकत न्हाई.

नवीन मागवायला वेळ न्हाई. न जावं का, असा विचार आल्ता. पण न्हाई गेलो तर ती काय समजंल? अन् नुसता शर्ट-पँट घालून गेलो तर कोणत्या तोंडानं जायचं? पत्रिकेत नाव न्हाई. शर्ट-पँटमधल्या माणसाला कोणीही विचारू शकतं की तुम्ही कोणाकडून. चिलखतातल्या माणसाला विचारत न्हाईत.

कापत राह्यलो. कोपराजवळ कापलं, बगलेत कापलं, मानेजवळ कापलं. जिथं टोचतं तिथं कापायचं. पण एका ठिकाणी कापलं की दुसरीकडं टोचायला लागतं.

२६ नोव्हेंबर
रंग मारला. मिलच्या गेटला मारतात तोच चंदेरी. लांबून लोखंड वाटतं. जवळून गेट वाटतं.

२८ नोव्हेंबर, दुपारी
काट्याच्या केबिनमध्ये फुल ट्रायल घेतली. मागचे पट्टे माझ्या हाताला पोचत न्हाईत, धम्मपालनं बांधले. त्यानं एकदा पण हसून दाखवलं न्हाई. नुसतं विचारलं, वहिनीला माहीत आहे का? मी म्हणलं, सरप्राइज आहे. तो म्हणला, कल्याणभाऊ, तुम्ही वहिनीला येतेस का असं नुसतं विचारलं का? मी म्हणलं, विचारायचं काय त्यात, यायचंच आहे तिला. त्यानं मागचा पट्टा परत सोडून ढिला बांधला.

मला खुर्चीवर बसता येत न्हाई. केबिनच्या दारातून आडवं होऊन निघावं लागतं. श्वास अर्धाच येतो. बाकी सगळं ओके.

३० नोव्हेंबर, रविवार. वडीगोद्री. संध्याकाळ.
जसं झालं तसं लिहितो.

सकाळी आठला धम्मपालनं चिलखत चढवलं. एसटीत बसता येणार न्हाई म्हणून त्याच्या भावाच्या टेम्पोत मागं उभा राहून निघालो. दोरी धरून. अंबडपर्यंत लोक हात करत होते, मी पण भाला वर करत होतो. अंबडच्या पुढं एक स्पीडब्रेकर ड्रायव्हरला दिसला न्हाई. पोटावरचा तुकडा मधोमध तडकला. ड्रायव्हरनं ताडपत्रीची सुतळी काढून दिली. ती कमरेला तीन वेढे घालून बांधली.

कार्यालयाच्या दारात चार जण उभे होते. चिलखतात. इव्हेंटवाल्यांनी आणलेले. सहा-सहा फूट उंच, चिलखत अंगावर ओतल्यासारखं, चौघांचे पाय एका लाइनीत. मी पाचवा जाऊन उभा राह्यलो. कानात वायर घातलेला एक माणूस पळत आला. म्हणला, पार्किंगवाला तूच का, इतका उशीर? मी त्याला म्हणलं, मी जावई आहे. त्यानं सुतळीकडं बघितलं अन् म्हणला, हो हो, जा, तिकडं गाड्या अडकल्यात.

गेलो. का गेलो माहीत न्हाई. त्याच्याशी भांडायला छातीत श्वास पाहिजे होता, तो नव्हता.

दीड तास पार्किंगच्या गेटवर उभा राह्यलो. आत नवरीच्या एन्ट्रीचं म्युझिक वाजलं, फटाके उडाले, मंग मंगलाष्टकं झाली. सगळं ऐकलं. एका पाव्हण्यानं गाडीची चावी हातात दिली, माझं कोपर वाकत नव्हतं म्हणून ती पडली. नवरदेवाकडच्या पोरींनी सेल्फी काढले. नंतर बगलेतून रक्त आलं, बोटं बधिर झाली अन् डोळ्यापुढं काळं यायला लागलं. बसता येत नव्हतं म्हणून गेटला टेकून उभा राह्यलो. पट्टे सोडायला हात मागं जात नव्हते. पहिल्यांदा वाटलं की आता कोणी आलं न्हाई तर आपण इथंच, असेच, उभ्या उभ्या.

दैवशाला आली. स्टेजवरून आकांक्षानंच तिला सांगितलं म्हणे की बाहेर दाजी उभे दिसतात. मोरपंखी साडी होती. ती बघत राह्यली. हसली न्हाई. हसली असती तर बरं झालं असतं. हे काय केलं, म्हणली. मी म्हणलं, पट्टा सोड.

गाठी सुटेनात. मंग दंडाला धरून तिनं मला हायवेच्या पलीकडं नेलं. दोन ट्रक थांबले आमच्यासाठी. समोर गाळा. वर नवा बोर्ड, ‘दैवशाला लेडीज टेलर्स’, खाली तिचाच मोबाइल नंबर. तिनं शटर वर केलं. भिंतीला हुकांवर पंधरा-वीस ब्लाउजं, प्रत्येकाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. देवीच्या फोटोला हार घातलेला. हे सीझनपुरतं न्हाई, हे मला तिथं उभ्या उभ्या दिसलं.

तिनं मोठी कात्री घेतली अन् एकेक पट्टा कापला. घाई केली न्हाई. कातडीला कुठं लागू दिलं न्हाई. सोळाच्या सोळा तुकडे खाली पडले. पोटावरचं भाजलेलं बघितलं तेव्हा तिचा हात थांबला. कधी झालं, म्हणली. मी म्हणलं, एकवीस तारखेला. मला सांगितलं न्हाई, म्हणली. डोळ्यात चंदेरी रंग गेल्ता, त्यामुळं पाणी येत होतं माझ्या.

मी म्हणलं, चल आता जालन्याला. ती म्हणली, न्हाई. रागात म्हणली न्हाई. भाकर पाहिजे का विचारल्यावर पोट भरलेला माणूस न्हाई म्हणतो, तसं. मी म्हणलं, कधी येशील मंग? ती म्हणली, यायचं एवढं सोडून दुसरं काही विचारायचं असंल तर विचारा.

मला काही सुचलं न्हाई. ती थांबली. कात्री पुसून ठेवली, तुकडे गोळा करून कोपऱ्यात लावले, तरी थांबली. मंग भावाचा एक शर्ट काढून दिला अन् म्हणली, पंगत बसली असंल, जेवून घ्या.

जेवलो. काकासाहेबांनी स्वतः जिलेबी वाढली. कोणी विचारलं न्हाई मी कोणाकडून.

१ डिसेंबर, सकाळी. एसटीत.
रात्री मांडवातच बाकीच्या पाव्हण्यांसोबत झोपलो. सकाळी स्टँडवर जाताना दुकान उघडलेलं दिसलं. आत तीन बाया बसलेल्या. दैवशालाच्या गळ्यात टेप होता, तोंडात टाचण्या. मला बघून तिनं मान हलवली. मी पण हलवली.

खिडकीची सीट मिळाली. बसता येतं, याचं बरं वाटलं.

अर्ध्या तासानं एकदम सुचलं. दुकान कसं चालतंय. एवढंच विचारायचं होतं. बोर्ड कोणी रंगवला, गाळा कोणी दाखवला, दिवसभर पाय दुखतात का. चार-पाच प्रश्न एकामागं एक सुचले. जल्दी जल्दी फोन लावला.

तिनं उचलला. मागं मशीन चालू होतं. म्हणली, गिऱ्हाईक बसलेत, बोला.

मी म्हणलं, काही न्हाई, पोचलो.

बस अजून अंबडला पण आली नव्हती.